निर्मलाच्या माळावरचं स्मृतिवन

निर्मे, बस स्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागलाय. केवढा मोठा, ते विचारू नको. रसवंतीवाल्याचं छप्परसुद्धा त्याच्या मागं झाकून गेलंय. वर लिहिलंय, 'वृक्षमाता निर्मलाबाई यांना भावपूर्ण आदरांजली', आणि तुझ्या फोटोमागं कुठल्या तरी परदेशातलं जंगल चिकटवलंय. उंचच उंच टोकदार झाडं आणि खाली निळंशार तळं. पुढं तू, शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोतली, कपाळाला आठ्या घालून बघणारी. मी रिक्षातून उतरले, वर पाहिलं आणि भर स्टँडवर मोठ्यानं हसले. शेजारची बाई घाबरून बाजूला सरकली. मग रडू आलं, तेही मोठ्यानंच आलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'शशे, काय ते एक कर.'

वृक्षमाता! ज्या बाईला अख्खा तालुका झाडांची वैरीण म्हणायचा, तिला मेल्याबरोबर झाडांची आई करून टाकली. जिवंतपणी कुणी असं म्हटलं असतं तर तू त्याचा कान धरून त्याला माळावर नेलं असतंस. आता तू बोलू शकत नाहीस, आणि त्याचा फायदा सगळे घेऊन राहिलेत.

पेपरातही आलं तुझ्यावर. तरुणांचं प्रेरणास्थान, पर्यावरणाचा वसा, असलं सगळं. एका पोरानं मला फोन केला. म्हणाला, मॅडम, आजच्या पिढीनं बाईंकडून काय प्रेरणा घ्यावी, थोडक्यात सांगता का? मी म्हणाले, भांडण घ्यावं. तर तो 'हॅलो, हॅलो' करत राहिला. त्याला वाटलं, आवाज नीट येऊन नाही राहिला. मी पुन्हा सांगितलं. छापून काय आलं, तर 'निसर्गावर प्रेम करायला त्यांनी शिकवलं, असे त्यांच्या सहकारी शिक्षिका म्हणाल्या.' हे माझ्या नावावर खपवलंय, बाई. मी त्याला पुन्हा फोन केला, त्यानं उचलला नाही.

तुला आठवतं, तू मला पहिल्यांदा म्हसोबाच्या माळावर नेलं होतंस ते? परीक्षा संपलेल्या होत्या, पेपर तपासून तपासून डोळे चुरचुरत होते. आपण दोघी त्या खेड्यातल्या शाळेवर नव्या, तू विज्ञानाला आणि मी मराठीला. अहमदपूरहून सकाळच्या एसटीनं यायचं न् संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं, एवढीच आपली ओळख. शाळेच्या मागं नुसता उजाड माळ, पार क्षितिजापर्यंत. तू म्हणालीस, चल, दाखवते काही. भर उन्हात चाललो. मी कुरकुरत होते, की इथं झाड न्हाई, झुडूप न्हाई, बघायचं काय, डोंबलं? आणि तू एकदम ओरडलीस, "थांब! पाय खाली ठेवू नको!"

मी एका पायावर. साडी गुंडाळलेली, छत्री कलंडलेली, घाम नाकावरून टपकून राहिलेला. वर टिटवी घिरट्या घालून बोंबलत होती आणि माझ्या चपलेजवळ उघड्या जमिनीवर तिची अंडी होती. मातीच्याच रंगाची, दगडगोट्यांत मिसळून गेलेली. ना घरटं, ना आडोसा. मी म्हणाले, "अगं माय, इथं कोण अंडी घालतं? जवळ एक झाड असतं तर?" तू म्हणालीस, "झाड असतं तर त्यावर कावळा बसला असता. झाड न्हाई म्हणून तर ती इथं हाय."

मग पावसाळा सरताना पुन्हा नेलंस. तोच माळ, पण गवत कमरेला लागत होतं. हे पवन्या, हे मारवेल, ही कुसळी, असं तू नाव घेऊन घेऊन सांगत होतीस. माझ्या परकराला कुसळं चिकटली ती घरी गेल्यावर निघता निघेनात. तू सांगितलंस, इथं वीतभर माती आहे आणि खाली सगळा खडक. ही वीतभर माती गवतानं धरून ठेवलीय. गवताची मुळं पाणी मुरवतात, ते खाली गावाच्या विहिरींना जातं. गवतावर मेंढरं जगतात, तित्तर, चंडोल, खोकड जगतात. यात खड्डे मारून झाडं लावली तर झाडं उन्हाळ्यात मरतात, जगली तर त्यांच्या सावलीत गवत मरतं, आणि गेलेली माती परत येत नाही. भोकर तालुक्यातल्या तुझ्या वडिलांच्या गावचा माळ असाच गेला होता. निलगिरी लावली, कुंपण घातलं, आणि वडिलांना जनावरं विकावी लागली. तेव्हा तू शाळेत होतीस. हे तू मला एकदाच सांगितलंस, आणि लगेच म्हणालीस, डबा काढ, भूक लागली.

सरकारच्या कागदावर म्हसोबाचा माळ 'पडीक'. या शब्दाची तुला भारी चीड होती. "पडीक म्हणजे काय गं, शशे? जी आपल्या कामाची न्हाई ती पडीक. मग रिटायर झाल्यावर तू न् मी पडीकच की." रिटायरमेंटच्या कार्यक्रमात हेडमास्तरांसमोर हे म्हणालीस. हेडमास्तर हातात नारळ घेऊन उभे. त्यांना हसावं का नाराज व्हावं ते कळेना.

आणि खड्ड्याचा तो दिवस. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्यानंतर जिकडं तिकडं झाडं लावायचं वेड सुटलं होतं. लोकांचंही काय चुकलं, म्हणा. नळाला पाणी नसलेली माणसं दुसरं काय करणार? कुणी तरी सांगितलं, झाडं लावली की पाऊस येतो. झालं. माळावर मोहीम आली, मजूर आले, खड्डे सुरू झाले. तू रजा टाकलीस, धपाट्यांचा डबा घेतलास आणि पहिल्या खड्ड्यात जाऊन बसलीस. साहेब आले, सरपंच आले, हेडमास्तर धापा टाकत आले. मी काठावर छत्री धरून उभी, आणि तुला शिव्या देत होते. खोटं सांगत नाही, साऱ्यांत मोठा आवाज माझाच होता. ऊठ, वेडे, इज्जत घालवून राहिलीस शाळेची, बीपीच्या गोळ्या घेतल्यास का? तू आपली दही-धपाटं खात बसलेली. मेंढरं घेऊन पारूबाई धनगरीण आली. तिनं विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं, बाई खड्डा खणू देत न्हाई. पारूबाई म्हणाली, "मग बरं करून राहिली की." आणि ती बी काठावर बसली. तिची मेंढरं मजुरांच्या टोपल्यांत तोंड घालत फिरत होती. दिवस मावळेपर्यंत साहेब कंटाळले. "बघू," म्हणाले, आणि मजूर घेऊन गेले.

त्या 'बघू'वर माळ इतकी वर्षं टिकला, निर्मे. लेखी कुठं काही नाही. दर पावसाळ्याच्या तोंडाला कुणी तरी नवीन रोपं घेऊन यायचं, आणि तू पुढं जाऊन उभी राहायचीस. तू असणं हाच त्या माळाचा कायदा होता. मी तुला किती वेळा म्हणाले, हे काही खरं नाही. माणसं जोड, चार पोरं तयार कर, गोड बोल. शाळेच्या दारात झाडं लावतेस तेव्हा पेपरवाल्यांना बोलव, म्हणजे लोकांना कळेल तरी की तू झाडांच्या विरुद्ध नाहीस. शाळेतल्या चिंचा तूच लावल्यास, पाणी घालून वाढवल्यास, हे कुणाला ठाऊक आहे? लोकांना पटकन कळेल असं काही तरी बोल, म्हणाले.

तू म्हणालीस, "पटकन कळेल असं म्हणजे झाडं लावा, एवढंच."

"मग तू म्हण, माळ राखा. ते काय लांबलचक हाय?"

"लांब न्हाई. पण माळ राखा म्हटलं की माणूस विचारतो, कामून, कशाला राखायचा? आणि झाडं लावा म्हटलं की कुणीच काही विचारत न्हाई. ज्याला कुणी कामून विचारत न्हाई, त्याची मला भीती वाटते."

ही आपली तकरार शेवटपर्यंत मिटली नाही. मला आजही वाटतं, माझंच बरोबर होतं. तू कुणाला सोबत घेतलं नाहीस. बरोबर असणं पुरेसं आहे, अशी तुझी समजूत होती. नाही पुरत, बाई. बघ आता.

त्या तक्त्यांचं आठवतं? तू रिटायर झाल्यावर, शाळा उघडल्या उघडल्या साजऱ्या केलेल्या पर्यावरण दिनाला नववीच्या पोरांनी तक्ते केले होते, 'आपले प्रेरणादायी पर्यावरणरक्षक'. मोबाईलवरून चित्रं काढून चिकटवलेली, देशोदेशीची माणसं, खाली त्यांचे पुरस्कार. तू प्रमुख पाहुणी. तू चष्मा लावून एक एक तक्ता वाचलास आणि विचारलंस, "यांचे पुरस्कार लिहिलेत, छान. आता सांगा, हा माणूस कुणाशी भांडला? ही बाई कुणाला नको झाली होती?" पोरं तक्त्यांकडं बघायला लागली. तू म्हणालीस, "तेवढं शोधून आणा. बाकीचं पुसलं तरी चालेल." पोरांनी खरंच शोधून आणलं, पुढच्या आठवडाभर वर्गात त्याचीच चर्चा. हेडमास्तरांनी मात्र पुन्हा तुला पाहुणी म्हणून बोलावलं नाही. मला तो दिवस फार आवडला होता. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच शेफारली असतीस.

आता जे मनात आहे ते बोलते. आमचे हे गेले तेव्हा मला त्यांची रक्षा नांदेडला गोदावरीत सोडायची होती. सासऱ्यांची तिथं, सासूबाईंची तिथं, मग यांचीही तिथंच. दीर गाडी ठरवून आले होते. आणि तू, ना नात्याची ना गोत्याची, मध्ये उभी राहिलीस. नदीला आधीच काय कमी हाय का, म्हणालीस. शेतात न्या, खड्ड्यात टाका, वर आंबा लावा, माणूस डोळ्यांसमोर राहील. दिरांना पटलं. मी तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हते. मला कुणी विचारलंच नाही. आंबा लागला, वाढला, आता फळं येतात. दीर दर उन्हाळ्यात पेटी पाठवतात, मी गल्लीत वाटून टाकते. तोंडात घालवत नाही गं. यावरून आपण किती भांडलो, आणि दर वेळी तू म्हणायचीस, "तुला राग हाय तो असू दे, पण नदी वाचली." माझा माणूस, आणि वाचली नदी! हा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तू मेलीस म्हणून तो जाईल असंही नाही.

पण हेही खरं, की त्या दिवसांत रोज दुपारी तूच यायचीस. जी बाई एसटीत कंडक्टरला सुट्या पैशांवरून भाषण द्यायची, ती माझ्याकडं येऊन तासन् तास गप्प बसायची. मेथी निवडायचीस, चहा टाकायचीस, कपबशा विसळून जायचीस. नातेवाईक तेरावं उरकून गेले, तू येत राहिलीस. तुझे उपकार कुठं ठेवू आणि तुझ्यावरचा राग कुठं ठेवू, हे मला आयुष्यात कधी कळलं नाही.

तुझी ती रक्षेची गोष्ट तालुकाभर पसरली. लोक झाडाखाली राख टाकायला लागले, तुला त्याचा केवढा अभिमान. आणि जगाच्या राखेबद्दल मत असलेली तू, स्वतःच्या राखेबद्दल मात्र तोंड उघडलं नाहीस! लातूरच्या दवाखान्यात मी आले होते की. तू काय बोललीस? तर खिडकीतून बाहेरची लॉन दाखवून हसलीस. तिथं पाटी होती, 'गवतावर चालू नये'. म्हणालीस, "बघ, इथं गवताला राखण हाय." मीही हसले. मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत घरी येशील. अशा वेळी कोण विचारतं, की बाई, तुझं काय करायचं?

मग शोकसभा झाली, शाळेच्या हॉलमध्ये. काशिनाथ बोलायला उठला. हो, तोच, तुझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, आता नगरसेवक आहे, पर्यावरण मंडळाचा अध्यक्ष आहे. सगळे त्याला भाऊ म्हणतात. तो ढसाढसा रडला, निर्मे. ते रडणं नाटकी नव्हतं, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. म्हणाला, पर्यावरण हा शब्द मी बाईंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. बाईंचा ज्या माळावर एवढा जीव होता, त्याच म्हसोबाच्या माळावर आपण बाईंचं स्मृतिवन करू. हजारो झाडं लावू. बाईंची रक्षा नदीत न्हाई जाणार. बाईंनीच आपल्याला शिकवलंय. पहिल्या खड्ड्यात बाईंची रक्षा टाकून वर वड लावू.

हॉलमध्ये टाळ्या. शोकसभेत टाळ्या! मी उठले. म्हणाले, "काशिनाथ, अरे, त्या माळावर झाड लागू नये म्हणून तर ती जन्मभर भांडली. तुला ठाऊक न्हाई का?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. काशिनाथ खाली आला, माझे हात हातात घेतले. "मॅडम, बाईंचा विरोध निलगिरीला होता, परदेशी झाडांना होता. आपण देशी लावून राहिलोत. वड, पिंपळ, कडुनिंब." मी म्हणाले, देशी असो का परदेशी, तिथं झाडच नको. तिथं गवत पाहिजे. मागून कुणी तरी म्हणालं, "मॅडमला बसवा, पाणी द्या. लई धक्का बसलाय त्यांना." मला खरंच बसवलं, आणि पाणी दिलं.

मग मी लातूरला गेले, तुझ्या पोराकडं, अवीकडं. म्हटलं, रक्षा त्याच्या ताब्यात आहे, त्यानं नाही म्हटलं तर काशिनाथचं काही चालायचं नाही. त्याच्या क्लासच्या बॅचा चालू होत्या. दोन बॅचांच्या मधल्या वेळात तो फळ्याजवळच्या खुर्चीवर माझ्यासमोर बसला. मी सगळं सांगितलं. म्हणाले, अवी, रक्षा गोदावरीत ने, आजच चल, मी येते सोबत. निर्मे, ऐकतेस का, मी म्हणाले हे. जिनं माझ्या माणसाला गोदावरी मिळू दिली नाही, तिला मी गोदावरीत न्यायला निघाले होते, तिचाच माळ वाचवायला. म्हटलं, रक्षा तुझ्या मनाविरुद्ध जाते तर जाऊ दे. माळ तरी वाचू दे.

अवी म्हणाला, "मावशी, आईच म्हणायची न, नदीत नको?"

"म्हणायची. पण माळावर खड्डा नको, हे त्याच्याहून जास्त वेळा म्हणायची."

तो हातातला खडू बोटांनी कुस्करत राहिला. मग म्हणाला, "मावशी, मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकून राहिलो. तुझी आई खड्ड्यात बसती. तुझी आई येडी हाय. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी आधी तेच विचारलं. आज पहिल्यांदा कुणी तिचं नाव इज्जतीनं घेऊन राहिलंय. नगरपालिका ठराव करून राहिली. आणि मी तिचा मुलगा, मी उठून म्हणू, की नको, बंद करा?"

मी म्हणाले, "हाव. तूच म्हणायचं. दुसरं कोण म्हणणार?"

"मला न्हाई जमायचं, मावशी. मला एकदा तिचा अभिमान वाटू दे."

मी पिशवी उचलली. पोरगा वाईट नाही तुझा. त्यानं मला एसटीपर्यंत सोडलं, पाण्याची बाटली घेऊन दिली, खिडकीशी उभा राहिला. चूक तुझी आहे. तू त्याला कधी माळावर एका पायावर उभं केलं नाहीस. मला केलंस, शाळेतल्या पोरांना केलंस, पोटच्या पोराला लातूरला होस्टेलला ठेवलंस, अभ्यास बुडायला नको म्हणून. हे मी तुला तोंडावर म्हणाले असते, तर तू चिडली असतीस, आणि आता चिडतही नाहीस.

कार्यक्रमाला मी गेले. जेसीबीनं ओळीनं खड्डे मारून ठेवले होते, पार म्हसोबाच्या दगडापर्यंत. काढलेली माती आणि मुरूम गवतावर पसरलेला. मंडप, स्पीकर, पाण्याच्या बाटल्या, झाडांच्या लोखंडी जाळ्या, प्रत्येक जाळीवर देणाऱ्याचं नाव. टिटव्या वर ओरडत होत्या, पण स्पीकरमुळं ऐकू येत नव्हतं. अवीनं तुला खड्ड्यात ओतलं आणि वर वड लावला. त्याचे डोळे भरले होते. मी काठावर उभी होते. बसावं खड्ड्यात, असं मनात आलं, निर्मे. गुडघे धड असते तर कदाचित बसलेही असते. पण आत तू होतीस. तुझ्या राखेवर मी पाय कसा ठेवू? राख टाकली की खड्ड्यात कुणी बसणार नाही, असा काही डाव काशिनाथनं टाकला नव्हता. पण साहेब, सरपंच, हेडमास्तर मिळून ज्या माळावर एक खड्डा करू शकले नाहीत, तिथं तुझ्याच राखेनं सगळ्यांची तोंडं बंद केली. माझंही.

काल पुन्हा गेले होते. माळाला तारेचं कुंपण पडलंय, फाटक बसलंय. फाटकावर तुझं नाव, आणि खाली पाटी, 'चराई बंद'. वडापुढं कुणी तरी हळदकुंकू वाहिलंय, उदबत्तीची काडी खोचलीय. कुंपणाबाहेर पारूबाई रस्त्याच्या कडेला मेंढरं घेऊन उभी होती. मेंढरं तारेतून माना घालून गवत ओढून राहिलेली. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी जवळ गेले, विचारलं, पारूबाई, बोलत का न्हाईस?

ती म्हणाली, "काय बोलावं, बाई? जिती होती तवर माळ आमचा होता. मेली अन् आमचा माळ घेऊन गेली."

मी म्हणाले, "अगं, तिनं न्हाई केलं हे. तू तर तिच्यासोबत खड्ड्याच्या काठावर बसली होतीस."

"नाव तर तिचंच हाय की फाटकावर. पोरानं वाचून सांगितलं मला." मग तिनं तुला एक शिवी दिली. ती मी तुला सांगत नाही. मला वाटलं, तिच्या एक थोबाडीत द्यावी. पण तिचं काय चुकलं? तिला जे दिसलं तेच ती म्हणाली. मेंढरं ती आता कुठं नेणार? दर पावसाळ्याला तू जिच्यासाठी उभी राहिलीस, ती आता तुला शिव्या देणार, मेंढरं विकेल तेव्हाही देणार, तिची नातवंडं देतील. 

म्हणून आज सकाळी तिला बळंच एसटीत बसवून अहमदपूरला आणलं, तहसीलला. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टंकलेखक बसतात, त्यातल्या एकाला अर्ज करायला सांगितला. गायरान जमीन, विनापरवाना कुंपण, चराईचा हक्क, खड्डे बुजवून माळ पहिल्यासारखा मोकळा करावा. मी सांगत गेले, तो टाईप करत गेला. अर्जदार म्हणून माझं नाव, पारूबाईचं नाव. मग त्यानं विचारलं, "गैरअर्जदार कोण?" मी सांगितलं, ज्यांनी कुंपण घातलं ते, निर्मलाबाई स्मृतिवन समिती. त्यानं ते तसंच टाईप केलं. वर माझं नाव, मध्ये 'विरुद्ध', खाली तुझं नाव. पारूबाईनं अंगठा उठवला. मी पेन हातात घेतलं आणि 'विरुद्ध'वर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

टंकलेखक म्हणाला, "ह्या निर्मलाबाई कोण, मॅडम? ओळखीच्या हायत का?"

"मैत्रीण होती," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं पाहिलं. "मग हे विरुद्धच ठेवू न?"

"विरुद्धच ठेव," म्हणाले, आणि सही केली.